भोंगा वाजेपर्यंतचं भाषण

आमचे मालक दोनदा खासदार झाले. पक्षाचा झेंडा लाल, त्यामुळे निवडून येण्यापेक्षा पडण्याचीच सवय जास्त. ते दिल्लीला गेले तेव्हा मी इथं कोरेगावला म्हशी बघत राहिले. त्यांची दिल्लीतली भाषणं मी ऐकली नाहीत. ऐकली ती साखर कारखान्याच्या गेटवरची.

गेटसभा पाळी बदलायच्या आधी होते. आत जाणारे कामगार उभ्यानंच ऐकतात. भोंगा वाजला की मालक बोलणं तोडायचे, वाक्य अर्धं राहिलं तरी. कामगाराला उशीर झाला तर त्याची मजुरी कापतात, म्हणून हा नियम त्यांनी स्वतःच घालून घेतला होता.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीभ जड झाली. तरी यंदाचा उमेदवार घरी येऊन म्हणाला, "गेटवर दोन शब्द बोला." ते लगेच तयार.

मी म्हटलं, "आवं, पाणी मागायला तुमाला इतका वेळ लागतोय. लोक हसतील."

"हसू... देत."

मग गोठ्यात बसून एकच वाक्य घोकायचे, 'आपण हरलो, पण चुकलो नव्हतो.' म्हशी निवांत ऐकायच्या. त्यांना कुठं पाळीवर जायचं होतं?

गेटवर त्यांना खुर्चीत बसवलं. उमेदवारानंच जास्त वेळ खाल्ला. मग हे बोलू लागले, "आपण... हरलो..."

भोंगा वाजला. त्यांनी तोंड मिटलं. कामगार मान खाली घालून आत गेले. मला रागच आला. एवढं घोकून लोकांच्या पदरात पडलं काय, तर आपण हरलो! ते मला म्हणाले, "चल."

तेवढ्यात सुटलेल्या पाळीचे लोक बाहेर आले. डोक्यावर भुसकट पडलेला एक जुना कामगार पुढं येऊन थांबला.

"कॉम्रेड, आमची सुट्टी झालीया. आमाला कसली घाई न्हाई. पुरं करा."

आणि तो खाली मातीत बसला. बाकीचेही बसले.

"पण... चुकलो..." मालक थांबले. कोणी हललं नाही. "...नव्हतो."

"व्हय," तो कामगार म्हणाला.

घरी येताना रिक्षात त्यांनी विचारलं, "नीट... आलं?"

"आलं," मी म्हटलं. "शेवटाला जरा लाळ गळली. पुढच्या खेपेला रुमाल हातात धरा."