मोरपंखी पडद्याचं भोक

रफूवाल्याने घर सोडलं तेव्हा घरमालकीण बाईंनी किल्ल्या मोजून घेतल्या आणि सांगितलं, डिपॉझिटचा हिशेब आठ दिवसांत कळवते. बाई निवृत्त शिक्षिका, विषय भूमिती. बरोबर आठव्या दिवशी कागद आला. तीन गोष्टींचे पैसे कापले होते: भिंतींचा रंग, मोरीचा नळ आणि ‘हॉलचा पडदा बदलल्याबद्दल’. पडद्याची रक्कम पहिल्या दोन्हींच्या दुप्पट होती.

रंग आणि नळ वाचून तो नुसता कुरकुरला. पडद्याचं वाचल्यावर मात्र त्याचं डोकंच फिरलं. उभा जन्म लोकांचे फाटके कोट सांधण्यात घालवलेला माणूस दुसऱ्याचा पडदा ढापेल? शिवाय त्या पैशांचं काम ठरलेलं होतं. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, डॉक्टरांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती. डोळा गेला म्हणजे धंदा बसला.

आता तो दुकानामागच्या खोलीत राहत होता. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं आणि एकट्याच्या कमाईत ते दोन खोल्यांचं भाडं झेपेना. नव्या खोलीत एक कॉट, एक स्टोव्ह आणि हातभर खिडकी. संध्याकाळी शटर ओढलं की सकाळपर्यंत त्याच्याशी बोलायला चिटपाखरू नसायचं. कधीकधी तो उगाच खोकून बघायचा, तेवढाच घरात माणसाचा आवाज.

रविवारी सकाळी तो कागद खिशात घालून बाईंकडे गेला. बाईंनी अकरा वर्षांपूर्वीची सामानाची यादी काढूनच ठेवली होती. खाली त्याच्या बायकोची सही होती, अक्षरं एकमेकांना चिकटलेली. ती बघून तो काय बोलायला आला होता तेच क्षणभर विसरला.

“रंगाचं सोडा,” बाईच म्हणाल्या. “अकरा वर्षांत भिंती मळणारच, ते मी खोडते. नळाचं मात्र खोडणार नाही.”

“नळ राहू दे. पण पडदा मी बदलला?”

“वाचा ना. पडदा, एक, मोरपंखी. डाव्या बाजूला इस्त्रीने जळलेलं भोक, करंगळी जाईल एवढं. आता तुम्ही सोडून गेलात त्या पडद्याला भोक नाही. म्हणजे हा तो पडदा नाही.”

रफूवाला हसलाच. “बाई, अहो, भोक हिने बुजवलं! आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात. म्हणाली, रोज समोर भोक बघत जेवायचं म्हणजे मला घास जायचा नाही.”

“मग मला सांगितलं का नाही?”

रफू सांगायचं नसतं. जे सांगावं लागतं, दाखवावं लागतं, ते रफू कसलं? नवराबायको दोघांनी तीस वर्षं हाच धंदा केला होता. त्याचा हात चांगला, तिचा त्याहून चांगला. हे त्याला माहीत होतं, गिऱ्हाइकांना माहीत होतं, फक्त तिला त्याने कधी सांगितलं नाही. उलट ‘ठीक आहे’ म्हणून काम बाजूला ठेवायचा. आता आठवलं की त्याला स्वतःची लाज वाटायची.

“पडदा आणा, दाखवतो,” तो म्हणाला.

बाईंनी पडदा टेबलावर पसरला. त्याने चष्मा पुसला, भिंग लावलं, कापड उजेडाकडे धरलं. काही दिसेना. डाव्या डोळ्याने बघितलं, उलट बाजूने बघितलं. मग खालची दुमड उलगडून आतून दोरे काढून घेतलेली जागा दाखवली. “हे बघा, इथले दोरे काढून तिथं विणलेत.”

“दोरे कुणीही काढेल. भोक कुठे होतं?”

शेवटी त्याने चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. बराच वेळ गेला. बाई घड्याळाकडे बघत होत्या. मग एका जागी बोट अडलं. अडलं म्हणजे काय, कापड तिथे जरासं, अगदी जरासं घट्ट होतं. दोरा ओढताना ती नेहमीच किंचित जास्त ओढायची. त्यावरून तो तिला तीस वर्षं बोलला होता.

“हे इथं,” तो म्हणाला.

बाईंनी बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. “मला काही लागत नाही हो. खोटं कशाला बोलू? इथलं उसवून दाखवा. भोक निघालं की पडद्याचे सगळे पैसे देते. सिद्ध झालं की माझं काही म्हणणं नाही.”

त्यांचं चुकत नव्हतं. बारकी कात्री त्याच्या वरच्या खिशात कायम असायची. त्याने ती काढली, टोक कापडावर टेकवलं. एक दोरा कापला असता तर पुढचे आपोआप सुटले असते.

त्याने कात्री खिशात ठेवली.

“बाई, तुमचं बरोबर आहे. पडदा मीच बदलला.”

बाई बघतच राहिल्या. “अहो, पण आत्ताच तर तुम्ही…”

“बदलला. पैसे कापा. पण मग हा पडदा तुमचा नाही, माझा झाला. तेवढा मला बांधून द्या.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांनी जुनं वर्तमानपत्र आणलं आणि पडदा गुंडाळून सुतळीने बांधून दिला. दारापर्यंत सोडायलाही आल्या, जे त्या कुणासाठी करत नसत.

डॉक्टरांकडची तारीख त्याने सहा महिने पुढे ढकलून घेतली. हातभर खिडकीला तो पडदा लावला तर खाली ढीगभर लोळू लागला. कापून आखूड करणं त्याला दहा मिनिटांचं काम होतं, त्याने केलं नाही. संध्याकाळी शटर ओढून तो खिडकीशी बसला, डोळे मिटून बोटांनी ती घट्ट जागा शोधून काढली आणि मोठ्याने म्हणाला, “छान झालंय गं.”