साडूंची कात्री

शिंप्याची, न्हाव्याची, फार तर सरकारची कात्री माणसाला परवडते, पण आमच्या साडूंची कात्री परवडत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. मूळचे सटाण्याचे. नाशिक रोडला आयुष्यभर नोकरी केली. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात किंवा सोसायटीच्या कमिटीत भांडतात. साडूंनी मोबाईलवर व्हिडिओ पाहून स्क्रॅपबुकची पानं करायला घेतली. तेव्हापासून नातेवाइकांत कुणाचं लग्न असो, बारसं असो, साडू पाकीट देत नाहीत. परातीएवढं सजवलेलं एक पान देतात, आणि ते देताना "आधी थीम ऐका" म्हणून जेवणाची पंगत थांबवतात.

या पानांपायी त्यांच्या घरात वस्तूंची मूळ कामं सुटली आहेत. कागद जुना दिसावा म्हणून तो चहात बुडवतात आणि गॅलरीत दोरीवर चिमटे लावून वाळत घालतात. पाहुण्यांना मात्र "चहा संपला" असं सांगतात. कडा जळक्या दिसाव्यात म्हणून देवघरातली उदबत्ती पळवतात. सटाण्याहून कांदे आले की ताईंनी चिरण्याआधी साडू ते सोलतात, कारण वरच्या पापुद्र्यांची गुलाबं होतात. ती इतकी सुरेख होतात की वास घेण्याचा मोह होतो, आणि तो घेतला की पस्तावा होतो. बाजारच्या गोंदावर त्यांचा विश्वास नाही. घोटीचा तांदूळ शिजवून ते घरीच खळ करतात. माझ्या मुलाच्या नव्या फ्लॅटला त्यांनी 'गृहप्रवेश' थीमचं पान दिलं. आठवड्याच्या आत दारापासून त्या पानापर्यंत मुंग्यांची रांग लागली. मी फोन केला, तर म्हणाले, "मग बरोबरच आहे की! त्यांचाही गृहप्रवेशच चाललाय."

लग्नाला जाताना त्यांच्या खिशात नागमोडी धारेची छोटी कात्री असते. पत्रिकेवरचा गणपती, मुंडावळ्यांचा सुटलेला मणी, हाराची जर, दिसेल ते खिशात जातं. एकदा जेवणाच्या रांगेत माझ्या बायकोच्या पैठणीच्या पदराचा एक गोंडा गेला. ती कडाडली, "दाजी, हे काय?" साडू शांतपणे म्हणाले, "लय गोंडे हायेत गं. एक गेला तर पदर काय रडणार नाय." त्याच गोंड्याची त्यांनी नव्या नवरीच्या पानावर नथ केली. ती पाहून माझी बायको विरघळली. आमच्या घराण्यात साडूंवर धड रागावता येत नाही, हीच तर पंचाईत.

फोटोंच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र वेगळं. "झेरॉक्सला जीव नसतो," असं म्हणून ते मूळ फोटोच कापतात. आमच्या पॅसेजमध्ये त्यांनी दिलेलं एक पान आहे. त्यावर माझ्या सासूबाई मोगऱ्याच्या सुकवलेल्या फुलांत हसत उभ्या आहेत. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे ते पान मिळालं तेव्हा माझी बायको रडलीच. त्या कुठून कापून आल्या हे मात्र कुणी विचारलं नाही.

एवढी पानं गावभर वाटली, पण ताईंना एकही मिळालं नव्हतं. "होतंय, होतंय," हे साडूंचं ठरलेलं उत्तर. शेवटी ताईंनी जाहीर केलं, "माझ्या साठीला तरी पान नाही मिळालं, तर ही कात्री मी रामकुंडात सोडणार." बोलण्यात हसू होतं, पण डोळ्यांत नव्हतं.

साठी आली. आम्ही सगळे जमलो. ओवाळून झालं, आणि साडू रिकाम्या हातांनी कोपऱ्यात उभे. ताई उठल्या आणि कपाटातून लग्नाचा अल्बम घेऊन आल्या. "निदान हा तरी बघू," म्हणत त्यांनी तो उघडला. प्रत्येक फोटोत माणसांच्या आकाराची भोकं होती. करवल्या, मामा, भटजी, सगळे कुणाकुणाच्या पानांवर राहायला गेले होते. नवरदेवसुद्धा स्वतःच्याच धाकट्या भावाच्या पानासाठी कापला गेला होता. अंतरपाटाच्या अलीकडे हार घेऊन ताई उभ्या, आणि पलीकडे भोक.

"अहो, माझं लग्न भोकाशी लागलं होतं का?" ताई म्हणाल्या. आम्ही हसलो. मग पुढच्या फोटोत त्यांच्याशेजारचं भोक त्यांनी बोटाने चाचपलं. "इथे आई होती," त्या हळूच म्हणाल्या, आणि हसणं थांबलं.

साडू फार हेलावले की त्यांची नेहमीची मराठी सुटते आणि सटाण्याची अहिराणी वर येते. ते ताईंसमोर खाली बसले. "तुनं पान कराले कितींदाव बसनू," ते म्हणाले, "पन तुले कापानी हिंमतच नही झायी."

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की सबंध अल्बममध्ये ताई मात्र एकाही फोटोतून कापलेल्या नव्हत्या. ताईंनी पदराने डोळे पुसले. माझी बायको म्हणाली, "ताई, आईचं पान उद्याच आणून देते." ताईंनी मान हलवली. "राहू दे तिला तुझ्याकडे. माहेर म्हणून यायला मला एक जागा झाली."

आता ताई आमच्याकडे आल्या की आधी पॅसेजमध्ये जातात. त्या पानासमोर उभ्या राहून आईला चार गोष्टी सांगतात, मगच चहा घेतात. साडू चपलांपाशीच थांबतात, हात खिशातल्या कात्रीवर, आणि ताईंचं बोलणं संपेपर्यंत आत येत नाहीत.