पायाखालचं चित्र

चित्र पुसण्यासाठीच काढायचे असते असे मानणारा माणूस साऱ्या भोर संस्थानात एकच होता, आणि ते नेमके आमचे ड्रॉइंगमास्तर होते. फळ्यावर एखाद्याने झकास गणपती काढावा, हेडमास्तरांनी दारातून ‘वा’ म्हणावे, आणि तो ‘वा’ संपायच्या आत मास्तरांनी धोतराच्या सोग्याने गणपती साफ करावा. “छान झाला. आता दुसरा काढ.” देवांवर त्यांचा राग नव्हता. पण म्हणत, “देव पाहिलाय का रे कुणी? नाही ना? मग म्हैस काढा. म्हैस पाहिलीय.” हॉटेलात सांडलेल्या चहात बोट बुडवून ते टेबलावर मालकाची मिशी काढीत, आणि मालकाने फडके मारले की त्यालाच शाबासकी देत.

त्यांनी एकदा ठरवले, की बाजाराच्या वाटेवर सगळ्या वर्गाने मिळून बाजाराचेच चित्र काढायचे, आणि बाजाराला येणाऱ्यांनी ते पायांनी पुसायचे. हेडमास्तर म्हणाले, “बाजार भरायच्या आत वाट मोकळी झाली पाहिजे. नाहीतर तुमचा तास उद्यापासून गणिताला.” मास्तर म्हणाले, “होईल.”

पहाटेपासून आम्ही विटकरीची पूड, कोळसा, चुना आणि भाताचे तूस घेऊन जमिनीवर ओणवे झालो. कुणी कासाराचे दुकान काढले, कुणी भांडणारे दोन बैल. मी आईला काढले. ती हिर्डोशीहून डोक्यावर हिरड्याचे ओझे घेऊन बाजाराला यायची, म्हणून माझे शिक्षण चालले होते. हे सांगायला मला तेव्हाही लाज वाटली नाही, आज बी.ए. होऊनही वाटत नाही.

उजाडले, माणसे आली आणि चित्रापाशी थबकली. रांगोळीवर पाय कोण देणार? बाया काठाकाठाने जाऊ लागल्या, गाड्या अडल्या, बैल एकमेकांना ढुशा देऊ लागले.

“या, या, खुशाल तुडवा,” मास्तर हात जोडून सांगत होते.

“पाप कुनी घ्यायचं, मास्तर?” एक गाडीवान म्हणाला. “तुमीच द्या की पाय.”

गलका ऐकून आलेल्या हेडमास्तरांनी झाडू मागवला. मास्तर वाटेत आडवे उभे राहिले. “झाडू नाही. माणसांचे चित्र माणसेच पुसतील.”

“मग तास गेला म्हणून समजा.”

“जाऊ द्या. झाडू नाही.”

तेवढ्यात गर्दीतून माझी आई पुढे आली. डोक्यावर ओझे तसेच. खाली वाकता येईना, म्हणून डोळेच खाली करून तिने बराच वेळ पाहिले.

“आरं, ह्यी मीच हाय न्हवं?”

“व्हय,” मी म्हणालो.

“मग माज्यावर म्या पाय दिला तर कुनाचं काय जातंय?” आणि ती सरळ स्वतःच्या अंगावरून चालत गेली.

मागून कासार आपल्या दुकानावरून गेला. मग कुणी कुणाला विचारले नाही. ज्याला त्याला आपण त्यात कुठेतरी सापडत होतो. हेडमास्तर शाळेकडे वळले, आणि ड्रॉइंगचा तास राहिला.

मास्तर मात्र चित्राकडे पाहतच नव्हते. विटकरीने लाल झालेल्या आईच्या टाचांकडे पाहत होते.

“आई आज परत हिर्डोशीला जातील ना रे?”

“व्हय, चालतच.”

“मग चित्रही तिथपर्यंत जाईल,” ते हळूच म्हणाले, आणि मी त्यांना पहिल्यांदाच एखाद्या चित्राच्या मागे चार पावले जाताना पाहिले.