सरावाची आई

संस्थेत तिला सगळे आईच म्हणत, आणि आई असण्याचा तिला पगारही मिळे. मुलांच्या मनाच्या दुखण्यांवर उपचार करायला आलेले नवे शिकाऊ संशोधक पुस्तकं कोळून प्यालेले असत. पण समोर एखादी आई रडायला लागली की त्यांची बोबडी वळे. म्हणून खऱ्या कुटुंबाकडे सोडण्याआधी त्यांना हिच्यासमोर बसवत; इथे पास झाल्याशिवाय खऱ्या आईशी बोलायची परवानगी नसे. पूर्वी ती तिथेच टेलिफोन सांभाळायची. एकदा सरावासाठी ठरवलेली नटी आलीच नाही, हिला खुर्चीत बसवलं, आणि हिने असा हंबरडा फोडला की टेलिफोनकडे परत जायची वेळच आली नाही.

तिच्या काल्पनिक मुलाला सगळे बंड्या म्हणत. बंड्या वर्षानुवर्षं आठ वर्षांचाच होता. शाळेचं नाव काढलं की तो ताटं फेकी, पलंगाखाली शिरे, आणि संशोधकाने योग्य प्रश्न विचारले की तासाभरात सुधारे. एवढं गुणी पोर कुणाच्या नशिबी असतं? भिंतीतल्या काळ्या काचेमागे मोठ्या बाई, म्हणजे शिकवणाऱ्या प्रमुख, बाकीच्या शिकाऊंना घेऊन बसत. सराव संपला की आई स्वतःही दोन शब्द सुनावी. "मी रडत होते तेव्हा तू घड्याळ पाहिलंस. आईला ते दिसतं, बाळा." पोरं कान पकडत.

घरी मात्र भलतंच चाललं होतं. तिची बारा वर्षांची लेक सुट्टीनंतर शाळेत गेलीच नव्हती. आदळआपट नाही, रडारड नाही. सकाळी दप्तर भरायची, बूट घालायची आणि उंबऱ्याशी बसून राहायची. आईने संस्थेतली सगळी वाक्यं वापरून पाहिली. "तुला भीती वाटतेय, हे मला समजतंय," असं म्हणाली, तर लेक म्हणते, "आई, ऑफिसमधलं बोलू नकोस ना." तिथे आईने हात टेकले.

संस्थेत सांगायचं तर कुठल्या तोंडाने? नोकरी जाईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. खरं तर नोकरी कुठे जात नव्हती. लाज वाटत होती, दुसरं काय!

मग तिने शक्कल लढवली. लेकीचं दुखणं बंड्याच्या नावावर खपवायचं. उपाय कळेल आणि अब्रूही शाबूत राहील.

त्या दिवशी समोर लंबू नावाचा शिकाऊ होता. हुशार मुलगा, पण या परीक्षेत दोनदा नापास, कारण ही रडली की तोही रडवेला व्हायचा.

"बंड्या आता काही फेकत नाही," आईने सुरुवात केली. "कित्येक आठवडे झाले, बूट घालतो आणि दारात बसतो. मीही शेजारी बसते."

लंबूने कागद चाळले. त्यात असला बंड्या नव्हता. "किती वेळ बसता?"

"कामाला उशीर होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग त्याला तिथेच सोडून येते."

खोलीतला स्पीकर खरखरला. "आई, जरा थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "हे काही पटत नाही. खरी आई इतके आठवडे गप्प बसेल का? केव्हाच आली असती आपल्याकडे. आपला नेहमीचा बंड्या घ्या बरं."

नेहमीचा बंड्या तिच्या जिभेवरच होता. एक ताट फेकलं असतं तर सुटली असती. पण उंबऱ्याशी बसलेली पोर डोळ्यांसमोरून हलेना.

"बाई, हा बंड्या नाही," ती म्हणाली. "माझी लेक आहे. आत्ता घरी दारात बसली असेल. आणि मी गप्प बसले, बाई. मीच."

तिने हंबरडा फोडला नाही.

काचेमागे टाळ्यांचा कडकडाट झाला. "बघा रे, याला म्हणतात जीव ओतणं!" मोठ्या बाई खूश झाल्या होत्या. "लंबू, चालू ठेव."

लंबूने तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठून त्याने काचेवरचा पडदा ओढला, स्पीकरची वायर उपटली आणि परत येऊन बसला.

"आई," तो हळूच म्हणाला, "मी अजून पास नाही झालो. खऱ्या आईशी बोलायची मला परवानगी नाहीये."

"मग बोलू नकोस," ती म्हणाली. "ऐक."