मुलुंडचा चंद्र आणि तिसऱ्या मजल्याची अँटेना

बी.कॉम.ला दोनदा आपटल्यावर वडील माझ्याकडे बघून असा सुस्कारा सोडायचे की भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटायचं. म्हणून मी फोटोग्राफर व्हायचं ठरवलं. मुलुंड स्टेशनजवळच्या स्टुडिओचे मालक म्हणाले, "पौर्णिमेचा चंद्र काढून आण. त्यावरचे डाग दिसले तर नोकरी. नाही तर घरी बस."

भावोजींनी आखातातून आणलेला कॅमेरा ताईच्या हातापाया पडून मिळवला. त्याची लेन्स एवढी लांब, की आमच्या गच्चीवरून ठाण्यातल्या माणसाच्या ताटातली भाजी ओळखावी. स्टँड नव्हता. पाण्याच्या टाकीवर तांदळाची पिशवी ठेवली आणि तिच्यात कॅमेरा रुतवला.

रविवारची संध्याकाळ. मिठागरांमागून चंद्र वर आला तो एवढा मोठा, की मला वाटलं, हा आता आमच्याच बिल्डिंगमध्ये खोली बघतोय. आणि नेमकी त्याच्या तोंडावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची अँटेना! घशात माशाचा काटा अडकावा तशी. मी ती हळूच, अगदी वीतभर फिरवली.

बिल्डिंगमध्ये टीव्ही एकच, काकांचा. रविवारचा सिनेमा रंगात आलेला. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्या वेळी किमान चारशे माणसं असावीत, कारण खालून जी बोंब उठली तिनं मिठागरांतले बगळे उडाले. पाठोपाठ काका गच्चीवर, लुंगी सावरत.

"मेल्या, अँटेना कित्याक फिरवलंस? थंय हिरोइन मराक टेकली आणि पडद्यार नुसत्यो मुंग्यो!"

"काका, दोन मिनिटं. नोकरीचा प्रश्न आहे."

"कोणाच्या? चंद्राच्या?"

"माझ्या."

काका स्वतः गिरणी बंद पडल्यापासून घरीच होते. नोकरी म्हटल्यावर त्यांचा उगारलेला हात तसाच वर राहिला. मग त्यांनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी अँटेना दोन्ही हातांनी वाकवून धरत म्हणाले, "काढ. बेगीन काढ."

खालून काकू ओरडल्या, "अहो, सिनेमा गेला!"

"जाऊं दे गो! परत लागतलो!"

काळोखात फोटो काढायचा तर शटर भरपूर वेळ उघडं ठेवायचं, एवढी अक्कल मला होती. रोल धुऊन आला तेव्हा चंद्राच्या जागी भिजवलेला साबुदाणा.

मालक इतके हसले की पासपोर्ट फोटोला बसलेलं गिऱ्हाईकही हललं. "डाग कुठायत रे?"

मी पायरी उतरायला लागलो, तर त्यांनी मागून हाक मारली. "अरे वेड्या, अंधार आपल्याकडे आहे, मुलुंडला. तिकडे चंद्रावर लख्ख ऊन पडलंय. भर दुपारी काढतोस तसा काढ! जा, अजून एक पौर्णिमा दिली तुला."

मी रस्त्यात उभाच राहिलो. आपण मिट्ट काळोखात, आणि ज्याच्याकडे बघतोय तिथे ऊन! हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर त्या तासाला मी नव्हतो. त्या रात्री मी अकरा पोळ्या खाल्ल्या. परीक्षेनंतर पहिल्यांदाच भूक लागली होती.

पुढची पौर्णिमा आली. मी गच्चीवर पोचलो तर काका आधीच अँटेना वाकवून उभे. खाली टीव्हीवर बातम्या. "बातम्यो काय, उद्याव असतत," म्हणाले. चंद्र मिठागरांवरून चांगला वर येऊ दिला, कॅमेरा दुपारच्या उन्हाला लावतात तसा लावला आणि श्वास रोखून खटका दाबला.

मालकांनी फोटो दारातल्या उजेडात नेला. एका डागावर अंगठा घासून पाहिला. पुसला जाईना. "उद्या नऊला ये," ते म्हणाले. "आधी दुकान झाडायचं."

मी धावत घरी आलो, पण आमच्या पहिल्या मजल्यावर न थांबता थेट तिसरा गाठला. काकांनी सगळं ऐकलं, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि काकूंना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "तुझ्या मालकाक अँटेना धरूक माणूस व्हयो काय रे?"