गुरुवारचा चमचा

माझे सासरे दर गुरुवारी मौन पाळत. हैदराबादेत मलकपेठेतल्या आमच्या घरात गुरुवार उजाडला की सगळे कान टवकारून वावरायचे, कारण त्या दिवशी बाबा बोलत नसत, वाजवत. टेबलावर त्यांच्यापुढे बेगम बाजारातून आणलेला जाड स्टीलचा पेला आणि एक चमचा ठेवलेला असे. चमचा पेल्यावर एकदा वाजला की पाणी, दोनदा वाजला की चहा. वाजतच राहिला तर कुणाचं तरी काहीतरी चुकलंय, आणि काय ते आपणच ओळखायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला ना तेलुगू येत होतं, ना दखनी. सासूबाईंनी मला आधी चमचा शिकवला.

बाबा सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले आणि आमच्या मराठी मंडळाचे कायमचे अध्यक्ष. त्यांच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नसे. गुरुवारी तोंडातून अक्षर काढत नाहीत, एवढ्यावर लोक भारावलेले. दर कार्यक्रमात त्यांचं भाषण तेच असे: ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्यानंच चार माणसांना वळण लावावं. खुर्च्यांवर माना डोलायच्या. मी मागे फराळाच्या ताटल्या भरत असे आणि मनात म्हणत असे, एका गुरुवारी या की आमच्याकडे चहाला.

मी ज्या शाळेत शिकवत होते तिथं मला मुख्याध्यापिका व्हाल का असं विचारलं गेलं. मला ते पद हवं होतं. लाजत नाही सांगायला, फार हवं होतं. शुक्रवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं.

नवरा म्हणाला, "मी तर हौच म्हणतो. पण बाबांना विचार एकदा. मागाहून लफडा नक्को."

तो दिवस नेमका गुरुवार. मी टेबलाशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. शाळा सुटल्यावर थांबावं लागेल, रात्रीचं जेवण थोडं उशिरा होईल, हेही सांगितलं. चमचा वाजायला लागला. वाजतच राहिला.

"मला हे करायचंय, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी पेला उचलून फेकला. तो सासूबाईंच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आदळला. पाणी सासूबाईंच्या अंगावर सांडलं. बाबांचे ओठ घट्ट मिटलेलेच होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्यापेक्षा बोला ना."

सासूबाईंनी वाकून पेला उचलला, पदरानं पुसला आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. मग माझ्याकडे वळून, अगदी अभिमानानं म्हणाल्या, "बघ, एवढं झालं तरी मौन मोडलं नाही त्यांनी."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा बोलले. "जिला स्वतःची जीभ आवरत नाही, ती शाळा काय सांभाळणार?" नवऱ्यानं पेपरमधून डोकं वर काढलं नाही. मी शाळेत जाऊन नाही म्हणून आले. माझ्यानंतर नोकरीला लागलेली एक बाई मुख्याध्यापिका झाली. तिनं चांगलं चालवलं, त्याचाही मला राग आला. निवृत्त होईपर्यंत मी तिच्या हाताखाली शिकवलं.

आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांचा एक घोटाळा आहे. दखनीत 'परसों' म्हणजे मागचा कुठलाही दिवस; ते आमच्या मराठीत शिरलंय, त्यामुळे झालं-गेलं सगळंच आम्हाला 'परवा'. कालच्या आदल्या दिवशी फुटलेली बशीही परवाची आणि पोरांच्या जन्माआधीचं भांडणही परवाचं. मी त्या पेल्याचा विषय काढला की नवरा म्हणतो, "परवाची गोष्ट कशाला उकरतेस?" बाहेरून आलेली मी, मला त्याचं हे बोलणं कधी चुकीचं वाटलं नाही. माझ्यासाठी ते परवाच झालंय.

आता बाबा नाहीत, सासूबाईही नाहीत. मंडळानं यंदा नवऱ्याला अध्यक्ष केलं. सत्काराच्या भाषणात त्यानं वडिलांचं तेच वाक्य म्हटलं, आणि टाळ्या वाजत असताना जाहीर केलं की यापुढे आपणही गुरुवारी मौन पाळणार. मी पहिल्या रांगेत बसले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बेगम बाजारात जाऊन मी चहाचे कागदी कप आणले, गठ्ठ्यानं.

पहिल्या गुरुवारी तो टेबलाशी बसला. त्याच्यापुढे मी एक रिकामा कप ठेवला, शेजारी चमचा. त्यानं चमचा कपावर मारला. पुन्हा मारला. कप कलंडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाळावरची शीर वडिलांसारखीच तट्ट फुगली.

"चहा कुठाय?" तो ओरडला.

मी काहीच बोलले नाही. जीभ आवरायला मी केव्हाच शिकलेय.