मोहरी फुटली का?

कसबा बावड्याच्या चिमणाबाईंनी उभ्या जन्मात कढईत डोकावून फोडणी केली नाही. तापल्या तेलात मोहरी टाकायची, पाठ फिरवून लसूण ठेचायचा आणि कान तेवढा कढईकडं ठेवायचा. तडतड भरात आली की हात आपसूक हिंगाच्या डबीकडं जायचा.

सून वर्षाराणी पेठ वडगावहून नवी नवी आली, तेव्हा बिचारी कढईवर वाकून बघत बसायची. चिमणाबाईंनी तिला झापलंच.

"अगं, फोडणी का म्हणत्यात तिला? मोहरी फोडायची म्हणून फोडणी! दाणा फुटल्याबिगर वास तेलात उतरतोय व्हय? आन् फुटल्यालं कानाला कळतंय, डोळ्याला न्हाय."

आणि त्याच कानांनी म्हातारपणी दगा दिला की हो! आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरच्या भाजीवालीची हाक. चिमणाबाईंनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. ऐकू येत नाही म्हटलं की चूल सुटणार. मग दिवसभर करायचं काय, टीव्हीपुढं बसून माना डोलवायच्या?

बघून करावं म्हटलं, तर काळ्या कढईत काळी मोहरी, त्यात चष्म्यावर वाफ. कधी मोहरी कच्ची राहायची, कधी जळून आमटी कडू व्हायची. शेवटी ते उघडं पडलंच. मुलगा विजयसिंह शाहूपुरीतून कानाचं मशीन घेऊन आला. त्या मशीनचं काय सांगावं! पंखा, मिक्सर, कारखान्याकडं निघालेल्या ट्रॅक्टरवरची गाणी, सगळं कानात घुसलं. तेवढी मोहरीची तडतड आली नाही. चिमणाबाईंनी मशीन कपाटात टाकलं.

"आई, आता बस की निवांत. वर्षा करंल," विजयसिंह कानाशी ओरडला.

"आठ दिवस बघ, मग बोल," त्या म्हणाल्या.

आणि काय नवल, आमटी पुन्हा पहिल्यासारखी व्हायला लागली! विजयसिंह बोटं चाटून खायचा. चिमणाबाई डावा हात पदराखाली घेऊन वाढायच्या.

आज सकाळी त्यांनी मोहरी टाकली आणि डावा तळहात कढईवर धरला. दाणे फुटून उडायला लागले, तळहाताला चटाचट चटके बसले. आता हिंग, म्हणेतोवर कुणीतरी मागून मनगट धरलं. वर्षाराणी! तिनं हात उलटा-पालटा करून बघितला. जुने काळे डाग, त्यांवर ताजे लाल फोड.

"फुटल्यालं कळतंय गं असं," चिमणाबाई ओशाळून म्हणाल्या. "हिंग टाक आधी, करपंल."

वर्षाराणीनं गॅसच बंद केला. तो भाजलेला हात नळाखाली धरून ती बोलायला लागली, रडत रडत, भराभरा. चिमणाबाई तिच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत राहिल्या. अक्षर कळेना. चूल राहिली का गेली, एवढं तरी कुणीतरी मोठ्यानं सांगा की!